कोप्यांवर धान्य पोचवताना उमगलेलं

मांडवगण फराटा हे भीमेच्या पट्ट्यातलं उसाचं गाव. दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या शिरूर-दौंडच्या फडांवर उतरतात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि राज्यभरातले लाखाहून जास्त ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले. त्यांना गावी जाण्याची परवानगी मिळाली ती 17 एप्रिलला. त्या अडकलेल्या दिवसांत आम्ही काही जणांनी वर्गणी काढून त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, धान्य पोचवलं. पुढच्या हंगामांतही काम चालू ठेवलं, पण वर्गणी आटत गेली. त्या ओढाताणीत उमगलेलं हे.

1. आधी विचारा, मग पिशवी भरा. धान्य दिलं तर ते दळावं लागतं, आणि पहाटे अंधारात भाकरी थापून फड गाठणाऱ्या बाईला गिरणीच्या रांगेत उभं राहायला वेळ कुठला? या बायांना हवं होतं बाजरी-ज्वारीचं पीठ, गोडेतेल, तिखट-मीठ. चार वस्तू कमी द्या, पण चुलीवर लगेच चढतील अशा द्या.

2. पैसा कमी पडला तर सगळ्यांचं सारखं कापू नका. 2023 मध्ये निधी आटला म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची मदत माणशी महिना 12 डॉलरवरून 8 वर आणली. एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ येते, तर आपली काय कथा! आम्ही गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांच्या कोप्यांचा शिधा पूर्ण ठेवला आणि धडधाकट जोड्यांचा कमी केला. कारण सगळ्या टोळीसमोर सांगितलं. कुणी तक्रार केली नाही.

3. शिधा बाईच्या हाती द्या. टोळीच्या मुकादमाकडून आलेलं धान्य उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात धरतील, ही भीती बायकांनीच बोलून दाखवली. तेव्हापासून आम्ही कोपीच्या दारात जाऊनच देतो.

4. सगळं सुरुवातीलाच वाटून टाकू नका. अवकाळी पावसानं तोड थांबते तेव्हा आणि हंगाम संपताना उचल फिटलेली नसते तेव्हा खरी ओढ लागते. त्या दिवसांसाठी काही राखून ठेवा.

5. वर्गणीपेक्षा रेशनकार्ड मोठं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही मोफत. पाच जणांच्या कुटुंबाचे 25 किलो झाले. एवढं दर महिन्याला कोणती वर्गणी पुरवेल? 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे हे धान्य इथल्या दुकानातही अंगठा लावून घेता येतं. म्हातारे आईबाप गावाकडे असतील तर थोडं तिथं, थोडं इथं उचलता येतं. अडचण असते ती आधार न जोडलेल्या नावाची, किंवा दुकानात कमी पडणाऱ्या साठ्याची. म्हणून टोळ्या उतरल्याबरोबर दुकानदाराला आणि तहसीलच्या पुरवठा शाखेला कळवा. लहान मुलांची आणि गरोदर बायांची नावं अंगणवाडीत घाला, तिथला आहार त्यांच्याही हक्काचा आहे.

मदत देणाऱ्याच्या खिशावर चालते, हक्क कायद्यावर. म्हणून आमची थोडकी वर्गणी आता आधी हक्काचं धान्य मिळवून देण्यात जाते आणि उरलेली शिध्यात.

या हंगामात तुमच्या शेतात टोळी उतरली की कार्ड आणलंय का, एवढं विचारा. दुकानदार नाही म्हणाला तर सोबत जा. आपला ऊस तोडणाऱ्या माणसाची चूल पेटती ठेवणं हे आपल्या गावाचं काम आहे.