प्रपंचातली पंगत

सज्जनहो, वारकऱ्याला पंगत म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. सप्ताहाच्या मांडवात, आषाढीच्या वाटेवर, द्वादशीच्या पारण्याला आपण सारे मांडीला मांडी लावून बसतो. शेजारी बसलेल्याची जमीन किती, त्याचे कूळ कोणते, हे आपण विचारीत नाही. निदान विचारू नये अशी संतांची शिकवण आहे. आमच्या दिंडीत एक जुना रिवाज आहे. पहिले पान वाढण्याआधी वाढप्यांचा वाटा काढून झाकून ठेवतात. ऐनवेळी माणसे वाढली, पातेल्याचा तळ दिसू लागला, तरी त्या झाकणाला कोणी हात लावीत नाही. वाढणारा शेवटी जेवेल, पण पोटभर जेवेल, असा त्याचा अर्थ.

या महिन्याच्या पाठात आम्ही वाचकांना एकच प्रश्न विचारणार आहोत. हा रिवाज आपल्या घरच्या स्वयंपाकघरात आहे काय?

हा प्रश्न आम्हाला पोथी वाचून सुचला नाही. ठेच लागून सुचला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकातला काकडा आटोपून आम्ही घरी आलो, तो आमची सूनबाई नळापाशी घेरी येऊन पडलेली. तिला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघाले. बाईमाणसाचे ते निदान बारा तरी असावे लागते. डॉक्टरीण बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि सहज विचारले, "हिला दुपारी जेवायला काय असते?" आम्ही गप्प. आम्हाला ठाऊक असेल तर सांगणार ना! शेवटी आमच्या घरातून हळूच उत्तर आले, "उरेल ते."

त्या दोन शब्दांनी आमची सगळी कीर्तने फिकी पडली. आधी आम्ही जेवायचे, मग आल्यागेल्याचे पान, मग मुले, मग चिरंजीव. सूनबाई बसेपर्यंत वरणाचे पातेले खरवडलेले असायचे. मग भाकरी, चटणी आणि कालवणाचा नुसता रस्सा. घरात कणगी भरलेली होती हो! दारिद्र्य नव्हते, नजर नव्हती. आम्ही महिन्याच्या दोन एकादश्या निष्ठेने करीत होतो. त्या पोरीला मात्र रोजच अर्धी एकादशी घडत होती, तीही न मागता.

कुणी म्हणेल, महाराज, हे तुमच्या घरचे झाले. तसे नाही. सन २०१९ ते २१ या काळात सरकारने जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली, तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. म्हणजे भजनाला बसलेल्या दोन बायांपैकी एक तरी अशी असणार. याला कारणे अनेक आहेत. बाळंतपणे आहेत, जंत आहेत. पण ताटात काय पडते आणि ते कोणाच्या ताटात पडते, हेही त्यातले मोठे कारण आहे.

आता पहिला विचार ताटात काय पडते याचा. पुष्कळांची समजूत अशी की सकस अन्न म्हणजे महागडे अन्न. बदाम, सफरचंद, डब्यातली पावडर. ही समजूत सोडून द्यावी. पंढरपूरच्या जवळच मंगळवेढे आहे. चोखोबांनी देह ठेवला ते हे गाव, आणि दामाजीपंतांचेही हेच गाव. दुष्काळात बेदरच्या बादशहाची कोठारे दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी उघडली आणि त्याची भरपाई करायला विठुराय स्वतः महाराचे रूप घेऊन दरबारात गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या मंगळवेढ्याची खरी दौलत म्हणजे ज्वारी. तिथल्या मालदांडी ज्वारीला सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रब्बीची ही ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. उसासारखी किंवा भातासारखी पाण्याला हपापलेली नसते. दाणा माणसाला, कडबा जनावराला. दुष्काळी मुलखाला यासारखे दुसरे पीक नाही.

बाजरी आणि नाचणी याच कुळातल्या. बाजरीत लोह चांगले असते. नाचणीत वजनास वजन धरले तर दुधाच्या जवळजवळ तिप्पट चुना, म्हणजे कॅल्शियम असते. संयुक्त राष्ट्रसंघाने सन २०२३ हे वर्ष भरडधान्याचे म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातल्या लोकांना या धान्यांची आठवण झाली. आपल्या आजीला ती कधी विसरलीच नव्हती. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो, तो गरिबाचा मोठा आधार आहे. त्याला नावे ठेवू नयेत. पण त्याच्या जोडीला आठवड्यातले चार दिवस तरी चुलीवर भाकरी असावी.

नुसती भाकरी मात्र पुरत नाही. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत कमी ते धान्यात. दोन्ही एकत्र आली की अंगाला लागतात. संसारातल्या नवरा-बायकोसारखेच हे. म्हणून भाकरी-पिठले, भाकरी-आमटी, हुलग्याचे माडगे, मोड आलेली मटकी, ही गरिबाची पक्वान्ने मोठ्या शहाणपणाची आहेत. बांधावरचा शेवगा, तांदुळजा, राजगिरा, हरभऱ्याचा पाला, अंबाडी यांना पैसा फारसा लागत नाही. त्यावर लिंबू पिळावे किंवा आवळ्याची फोड घ्यावी, म्हणजे भाजीतले लोह शरीर घेते. जेवल्याबरोबर चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्यावा. भाजीला लोखंडी कढई असली तर उत्तमच. तीळ, जवस, कारळे यांची चटणी भाकरीबरोबर रोज थोडी असावी.

एकादशीविषयीही एक शब्द बोलू. लोक थट्टेने म्हणतात, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा हा टॅपिओका नावाच्या कंदाचा करतात. तो बहुतेक सारा तामिळनाडूत, सेलमकडे तयार होतो. त्यात नुसते पिष्ट असते. लांबून विकत आणायचा, तुपात परतायचा आणि वर उपवास म्हणायचा, यात व्रत किती आणि जिभेचे लाड किती, याचा ज्याने त्याने विचार करावा. राजगिरा, भगर, रताळे, शेंगदाणे आणि ताक एवढ्यात एकादशी सुखाने पार पडते. अशक्त बाई, गरोदर लेकीसुना, आजारी माणसे यांनी उपवासाचा हट्ट धरू नये. देव कोणाची उपासमार मागत नाही.

आता दुसरा विचार, आणि तो अधिक कठीण आहे. अन्न कोणाच्या ताटात पडते? पैठणास नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याचा वास वाटेने जाणाऱ्या अस्पृश्यांच्या मुलाबाळांना आला, आणि नाथांनी तो स्वयंपाक त्यांना पोटभर वाढला, अशी कथा आहे. आपण ती कीर्तनात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण त्या कथेत नाथांनी नवे असे काय केले? वास आला त्याची भूक ओळखली, एवढेच. आपल्या घरात ज्या बाईच्या हाताला दिवसभर त्या अन्नाचा वास असतो, तिची भूक आपण ओळखतो काय? दिवसभर आपल्या रानात खुरपणाऱ्या मजूर बाईच्या फडक्यात कोरड्या भाकरीबरोबर काय आहे, हे कधी पाहतो काय? दाराबाहेरच्याला वाढणे सोपे असते, चार लोक बघतात. घरातल्याला पुरेसे वाढणे कोणी बघत नाही, म्हणून ते राहून जाते.

आणि जिथे लोक बघतात तिथे काय होते? भंडाऱ्याच्या दिवशी मांडवामागे जाऊन पहा. अर्ध्या खाल्लेल्या पत्रावळी, बुंदीचे ढीग, भाताचे चिखल! ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, ज्यांनी खडी फोडून सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोवर दिवस काढले, त्यांच्या डोळ्यांना ते बघवत नाही. वाढप्याने "घ्या हो, घ्या" असा आग्रह करू नये; विचारून, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा वाढावे. उरलेले चांगले अन्न नासण्यापूर्वी वस्तीवर पोचवावे. रात्रीचे शिळे झाल्यावर दान म्हणून देऊ नये. एक पक्वान्न कमी केले तर सप्ताहाचे पुण्य कमी होत नाही.

असो. आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. दिंडीचा रिवाज आम्ही घरात आणला. स्वयंपाक झाला की आधी वाढणारीचा वाटा, त्यात वरण आणि भाजी दोन्ही, काढून झाकून ठेवायचा. त्याला कोणी हात लावायचा नाही, पाहुण्यासाठीसुद्धा नाही. पाहुणा आला तर आम्ही अर्धी भाकरी कमी खातो. रात्री मात्र सगळे एकदमच बसतो, भांडी मध्ये ठेवून. पहिले आठ दिवस सूनबाईच संकोचाने उठून उठून जायची. आमच्या घरातून शेवटी दटावले, "बस गं, जेव. देवाच्या दारी पंगत, आणि आपल्याच घरी उतरंड का?" डॉक्टरीण बाईंच्या गोळ्या तर चालूच होत्या. खर्च म्हणाल तर डाळ थोडी वाढली आणि चहा-साखर कमी झाली. हिशेब जिथल्या तिथे. पुढच्या आषाढीला सूनबाई वाखरीपर्यंत पायी आली आणि रिंगणापाशी फुगडी खेळली. आम्ही लांबून पाहत होतो. डोळे भरून आले, आणि लाजही वाटली.

वाचकांनी या महिन्यात तीन गोष्टींचा अभ्यास करावा. पहिली, आठ दिवस रोज पहावे की घरात शेवटी कोण जेवले आणि त्याच्या ताटात काय होते. दुसरी, आठवड्याच्या बाजारातून आपल्या शिवारात पिकलेले काय आणले आणि लांबून आलेले काय, ते मुलांना लिहून ठेवायला सांगावे. तिसरी, गावच्या पुढच्या भंडाऱ्यात पत्रावळी उचलायची सेवा आपण स्वतः मागून घ्यावी. जे दिसेल त्यावर भजनी मंडळात बसून बोलावे. पुरुषांनी कमी बोलावे, बायांना बोलू द्यावे.

वाढणारीचा वाटा झाकून ठेवण्याला पैसा लागत नाही. एक झाकण मात्र लागते, आणि ते प्रत्येकाच्या घरी आहे.

रामकृष्णहरि.