संगणकाचा प्रक्रियक निवडताना

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. शिरूर तालुक्यातील या गावाला पुढे औद्योगिक वसाहतीमुळे दुसरीही ओळख लाभली. येथे मोटारी, शीतकपाटे, धुलाई यंत्रे तयार होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी येथे सुमारे २९७ एकरांचे स्वतंत्र संकुल मंजूर केले. अशा बहुतेक उपकरणांच्या पोटात आज एक लहानसा प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर, असतो. धुलाई यंत्रातील प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे, याची चौकशी गिऱ्हाइकाला करावी लागत नाही. ती निवड कारखान्याने केलेली असते. घरी कामाचा संगणक जुळविताना मात्र ती आपणांसच करावी लागते, आणि चुकल्यास पाच-सात वर्षे निभावून न्यावी लागते.

समजा, रांजणगावातील एका शिक्षकांना असा संगणक घ्यावयाचा आहे. त्यांना प्रश्नपत्रिका तयार करावयाच्या आहेत व पाठांच्या चित्रफितींचे संपादन करावयाचे आहे. पत्नी सरपंच असल्याने त्यांच्या अंकीय स्वाक्षरीचे कामही अधूनमधून याच संगणकावर होणार आहे. मुलीला प्रोग्रॅमिंग शिकावयाचे आहे. दुकानदार वेगाचे आकडे सांगतो. परंतु खरा प्रश्न वेगाचा नसून आज्ञासंचाचा आहे.

आज्ञासंच म्हणजे काय?

प्रत्येक प्रक्रियकाला ठराविक आज्ञाच समजतात. त्या आज्ञांच्या समुच्चयाला आज्ञासंच म्हणतात व त्यावरून प्रक्रियकाचे घराणे ठरते. आपल्याकडील जुने दप्तर मोडी लिपीत आहे. मजकूर मराठीच असतो. तथापि केवळ बाळबोध जाणणाऱ्या कारकुनास तो वाचता येत नाही. त्यासाठी मोडीचा जाणकार बसवावा लागतो आणि कामास वेळ लागतो. संगणकाचेही तसेच आहे. एका घराण्यासाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या घराण्याच्या प्रक्रियकावर परस्पर चालत नाही. मध्ये अनुवाद करणारी प्रणाली असल्यास तो चालू शकतो, परंतु काही वेग खर्ची पडतो.

पुण्याने घेतलेला अनुभव

या निवडीचा बोलका इतिहास पुण्यातच घडला आहे. अमेरिकेने हव्या त्या शक्तीचा क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ हे प्रक्रियक होते. अनेक प्रक्रियक एकमेकांशी जोडून काम करावेत, अशीच त्यांची रचना असल्याने ती निवड योग्य होती. परंतु ट्रान्सप्युटरची पुढील पिढी वेळेवर बाजारात आली नाही व ते घराणे मागे पडले. त्यानंतर परम मालिकेत इंटेलचा आय-८६०, मग स्पार्क, पुढे ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचा पॉवर आणि २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलचे झिऑन प्रक्रियक आले.

प्रक्रियक बदलत गेले तरी काम थांबले नाही. मात्र प्रत्येक वेळी प्रोग्रॅम नव्या घराण्यासाठी सिद्ध करून घ्यावे लागले. जे उच्चस्तरीय भाषेत लिहिलेले असतात, ते असे नव्या यंत्रावर नेणे तुलनेने सोपे जाते; जे एकाच प्रक्रियकाच्या लकबींना बांधलेले असतात, त्यांना श्रम पडतात. सी-डॅकजवळ हे काम करणारे अभियंते होते. आपल्या शिक्षकांजवळ ते नाहीत, हा यातील महत्त्वाचा भेद होय.

आजची तीन घराणी

पहिले घराणे एक्स-८६. याची सुरुवात इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ या प्रक्रियकापासून झाली. आज इंटेल व एएमडी या दोन कंपन्या हे प्रक्रियक बनवितात. सुटे भाग विकत घेऊन संगणक जुळविता येतो. पुढे स्मृती वाढविता येते, बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. जुने प्रोग्रॅम, छपाईयंत्रे व स्कॅनर बहुधा विनातक्रार चालतात. वीज मात्र अधिक लागते.

दुसरे घराणे आर्म. याचा पहिला प्रक्रियक १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाला. आपल्या खिशातील मोबाइल बहुधा याच घराण्यावर चालतो. अॅपलने २०२० पासून आपले संगणक आर्मवर आणले व विंडोजचेही असे संगणक उपलब्ध आहेत. अल्प विजेत चांगले काम हा यांचा गुण. परंतु पुष्कळ यंत्रांत स्मृती कायमची जोडलेली असल्याने ती मागाहून वाढविता येत नाही.

तिसरे घराणे रिस्क-फाइव्ह. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात २०१० मध्ये याचा आरंभ झाला. हा आज्ञासंच खुला असून त्याच्या वापरासाठी परवानाशुल्क द्यावे लागत नाही. म्हणूनच आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रक्रियक त्यावर आधारलेले आहेत. अभ्यासासाठी हे घराणे उत्तम. घरच्या रोजच्या कामाचा सर्व भार मात्र आज त्यावर टाकू नये.

निवड कशी करावी?

प्रथम कामांची यादी करावी, नंतर प्रोग्रॅमांची, आणि यंत्राचा विचार शेवटी. यादीत अंकीय स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा जुने छपाईयंत्र असेल, तर त्याचा चालक-प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्या घराण्यासाठी मिळतो काय, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष चालवून पाहावे. आर्मवरील विंडोजमध्ये सामान्य प्रोग्रॅम अनुवादाने चालतात. ड्रायव्हरला ती सोय नाही. तो आर्मसाठीच लिहिलेला असावा लागतो. येथेच अनेकांची फसगत होते.

विजेचा हिशेबही करावा. २०० वॅटचा संगणक रोज ५ तास चालल्यास महिन्याला ३० युनिट होतात. ३० वॅटच्या यंत्रास साडेचारच लागतात. जेथे वीज वारंवार जाते व इन्व्हर्टरवर काम करावे लागते, तेथे हा फरक केवळ देयकापुरता राहत नाही.

आपल्या शिक्षकांनी घरचा मुख्य संगणक एक्स-८६ घराण्याचा घ्यावा, कारण स्वाक्षरीचे टोकन व जुनी साधने सोडता येत नाहीत. मुलीच्या अभ्यासासाठी आर्मवर चालणारा रास्पबेरी पाय यांसारखा लहान संगणक पुढे घेता येईल. ज्यांचे काम लेखन, वाचन व संपर्क एवढेच आहे, त्यांनी आर्मचा विचार अवश्य करावा.

एक दक्षता मात्र सर्वांनीच घ्यावी. युनिकोडपूर्व काळातील टंकांत साठविलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांप्रमाणे दिसतो. शाळेची जुनी टिपणे वा ग्रामसभेची इतिवृत्ते अशी असल्यास, जुना संगणक चालू आहे तोवरच ती युनिकोडमध्ये आणून घ्यावीत. प्रक्रियकाची घराणी येतील आणि जातील. आपले दप्तर मात्र कोणत्याही यंत्रावर वाचता आले पाहिजे.