वीज गेली तरी इन्सुलिन टिकवा

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा, टाइप वन मधुमेह. वीज गेली की इन्सुलिनचं काय? कबड्डी खेळू द्यावी का? – एक आई, श्रीवर्धन

उत्तर : ताई, खेळू द्या, अगदी निर्धास्त! खेळाआधी साखर तपासा, खिशात ग्लुकोज हवंच. हात थरथरले, घाम फुटला, साखर 70च्या खाली गेली, तर लगेच 3 चमचे ग्लुकोज पाण्यातून; 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शाळेतल्या सरांनाही हे दाखवून ठेवा.

जून 2020च्या ‘निसर्ग’ वादळानंतर आपला किनारा कित्येक दिवस अंधारात होता, तेव्हा तुमची काळजी रास्तच आहे. चालू कुपी 30 अंशांखाली साधारण 4 आठवडे टिकते. उरलेल्या कुप्या कोरड्या डब्यात घालून माठात माठ, मधे ओली वाळू, अशा सावलीतल्या जागी ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. आणि ताप-उलट्यांत पोरगं जेवलं नाही, तरी इन्सुलिन बंद करायचं नाही. मात्रा डॉक्टरांना फोनवर विचारा.