लसीचा पुरवठा : मागणीपत्रापासून सत्रापर्यंत

बालकास लस टोचण्यास फारसा वेळ लागत नाही. ती लस ठरलेल्या दिवशी, पुरेशा संख्येने आणि योग्य तापमानात गावात आणणे, हे मात्र अनेक महिन्यांच्या हिशेबाचे काम आहे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, तेव्हापासून ही पुरवठ्याची साखळी देशभर उभी राहिली. कारखान्यातून निघालेली लस सरकारी औषध भांडार, राज्य, विभाग आणि जिल्हा यांच्या साठ्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रात येते व तेथून सत्राच्या सकाळी गावी जाते. लस वरून खाली येते. मागणी खालून वर जाते. खालचा आकडा चुकला, तर वरच्या भांडारात साठा असूनही अंगणवाडीच्या दारातून बालक तसेच परत जाते.

हा आकडा कसा काढतात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात ३०,००० लोकसंख्या आहे आणि दर हजारी २० जन्म होतात, असे धरू. म्हणजे वर्षाला ६०० आणि महिन्याला ५० बालके. पेंटाव्हॅलंट लसीच्या तीन मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात. म्हणून महिन्याला १५० मात्रा लागतील. दहा टक्के नासाडी गृहीत धरून या संख्येस १.११ ने गुणावयाचे. उत्तर १६७ येते. त्यात पाव हिस्सा, म्हणजे ४२ मात्रा, राखीव म्हणून मिळवाव्यात. एकूण २०९ मात्रा झाल्या. दहा मात्रांच्या कुपीच्या हिशेबाने २१ कुप्या. हा झाला कमाल साठा. शीतकपाटात ६ कुप्या शिल्लक असतील, तर मागणी १५ कुप्यांचीच करावयाची.

क्षयरोगावरील बी.सी.जी. लसीचे गणित निराळे आहे. ही लस भुकटीच्या रूपात येते. द्रावक मिसळल्यानंतर ती चार तासांच्या आत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. दोनच बालके आली तरी दहा मात्रांची कुपी फोडावी लागते. म्हणूनच येथे ५० टक्के नासाडी धरून मागणी दुप्पट करतात. काही ठिकाणी नासाडीचा आकडा दिसू नये म्हणून अधिक बालके जमेपर्यंत कुपी न फोडण्याकडे कल असतो. ही काटकसर खोटी होय. आठ मात्रा वाया जाण्यापेक्षा मजुरी बुडवून आलेली आई रिकाम्या हाती परतणे अधिक महाग पडते. द्रावकाची संख्याही कुप्यांइतकीच हवी, आणि ते त्याच उत्पादकाचे हवे. अन्यथा लस असूनही सत्र थांबते.

लोकसंख्येवरून काढलेली सरासरी प्रत्येक महिन्यास लागू पडत नाही. बेळगाव भागात गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात. वीटभट्ट्यांवरही नवी वस्ती होते. ही बालके त्या गावच्या जनगणनेत नसतात. त्यांची मोजणी घरोघर जाऊनच करावी लागते. आशा स्वयंसेविकेची देय बालकांची यादी हाच मागणीपत्राचा खरा पाया होय. दहा व सोळा वर्षे वयाच्या मुलांना टी.डी. लस देतात; तेथे मुख्याध्यापकांनी पटावरून वेळेवर पाठविलेली संख्या तितकीच मोलाची ठरते.

संख्या जमली तरी तापमान सांभाळावे लागते. केंद्रात लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. उष्णतेने लस बिघडते, हे सर्वांना ठाऊक असते. गोठल्यानेही काही लसी निकामी होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पेंटाव्हॅलंट, टी.डी. आणि कावीळ-ब यांच्या लसी एकदा गोठल्या की पुन्हा वितळवून उपयोग नाही. कुपीवर तशी खूण उमटत नाही. बालकास टोचले जाते, कार्डावर नोंद होते, संरक्षण मात्र मिळेलच असे नाही. यासाठी या कुप्या बर्फाचे अस्तर असलेल्या शीतकपाटात वरच्या बाजूस, टोपलीत ठेवतात, कारण तळाशी थंडी अधिक असते. हे कपाट वरून उघडते, त्यामुळे झाकण काढले तरी थंड हवा बाहेर सांडत नाही. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ते तग धरते. तापमानाची नोंद मात्र दिवसातून दोनदा, रविवारी आणि सणाच्या दिवशीही व्हावयास हवी.

सत्रासाठी लस नेताना फ्रीझरमधून काढलेली बर्फाची पाकिटे लगेच पेटीत भरू नयेत. त्यांना बाहेर घाम सुटू द्यावा. कानाशी हलविल्यावर आत पाण्याचा आवाज आला म्हणजे ती भरण्यास योग्य झाली. उष्णतेची खूण गावकऱ्यांनाही वाचता येते. कुपीवरील वर्तुळात एक चौकोन असतो. तो वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस उष्णतेने बिघडलेली नाही. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला, तर ती कुपी वापरू नये.

ई-विन या संगणकीय व्यवस्थेची सुरुवात २०१५ साली झाली आणि मोबाईलवरून साठा व तापमान वरच्या कार्यालयास दिसू लागले. तरी नोंद करणारा माणूस केंद्रातच असतो. न वापरलेल्या कुप्या त्याच सायंकाळी केंद्रात परत येतात. पेंटाव्हॅलंटसारख्या द्रव लसीची उघडलेली कुपी, तीवर उघडल्याची तारीख व वेळ असेल आणि ती थंड राहिली असेल, तर अठ्ठावीस दिवसांपर्यंत चालते. पुढच्या सत्रास तीच आधी बाहेर काढावयाची. बाकीच्यांत ज्या कुपीची मुदत आधी संपते ती आधी द्यावी, मग ती केंद्रात केव्हाही आलेली असो. महिनाअखेरीस वही आणि कपाटातील कुप्या यांचा मेळ घातल्यावरच पुढील मागणीपत्रावर वैद्यकीय अधिकाऱ्याची सही व्हावी.