महाविद्यालयाकडून आलेले साहाय्याचे पत्र कसे वाचावे



बारावीचा निकाल लागून काही आठवडे लोटले म्हणजे आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरी मुंबईच्या महाविद्यालयांची पत्रे येऊ लागतात. चेंबूर व देवनार ह्या भागात अभियांत्रिकी, वाणिज्य, समाजकार्य इत्यादी विषय शिकविणाऱ्या संस्था आहेत, आणि गावच्या मुलास तेथे जागा मिळाली म्हणजे सर्व मंडळीस आनंद होतो. पत्रात एक मोठा आकडा असतो व त्यापुढे ‘आर्थिक साहाय्य’ हे शब्द असतात. बाप समजतो की, तेवढे पैसे मिळालेच. पुढे दुसरा हप्ता मागितला जातो, तेव्हा शेत गहाण टाकण्याची पाळी येते. तो प्रसंग टळावा यास्तव हा पाठ लिहिला आहे. उपदेशक बंधूंनी तो पालकांस सावकाश वाचून दाखवावा.

१. एकंदर खर्च प्रथम काढावा.

पत्रात बहुधा शिकवणीची फी ठळक लिहिलेली असते. परंतु परीक्षा शुल्क, विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, खानावळ, पुस्तके व गाडीभाडे हेही द्यावेच लागते. आणि मुंबईत राहण्याजेवण्याचा खर्च कधी कधी फीइतकाच होतो. सबब कागद घेऊन एका वर्षाची सर्व रक्कम मांडावी, व अभ्यासक्रम जितक्या वर्षांचा असेल तितक्या पटीने तिचा विचार करावा.

२. दान कोणते व कर्ज कोणते, हे निवडून काढावे.

समजा, वर्षाचा एकंदर खर्च २,४०,००० रुपये आहे, आणि पत्रात १,६०,००० रुपयांचे साहाय्य लिहिले आहे. नीट वाचता असे आढळते की, त्यांपैकी ६०,००० रुपये फीमाफी आहे व १,००,००० रुपये बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे. तर खरी देणगी ६०,००० इतकीच. घरून रोख ८०,००० भरावे लागतील, व वर्षास एक लाखाचे ऋण होईल. चार वर्षांत मुद्दल चार लाख होते. प्रत्येक वर्षारंभी एक लाख उचलले व शेकडा दहा दराने सरळ व्याज धरले, तर शिक्षण संपेतोवर व्याजच एक लाख होते. बँका सामान्यतः शिक्षणकाळ व त्यापुढे एक वर्ष हप्ता मागत नाहीत, हे खरे. तथापि व्याज त्या अवधीतही चढतच असते. कर्ज घेणे पाप नव्हे. कर्जास देणगी समजून घेणे हाच घात होय.

३. अट व मुदत वाचावी.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या संस्थानाने भीमराव आंबेडकर ह्यांस अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षेपर्यंत, अशी शिष्यवृत्ती दिली. ती उदार होती, परंतु शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावी, असा करार तीत होता. मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, व १९२० साली पुन्हा जाऊन तो पुरा करावा लागला. एवढ्या विद्वान पुरुषासही मुदत आडवी आली, मग आपणांस ती विचारावयास नको काय? साहाय्य एका वर्षाचे की सर्व वर्षांचे? किती गुण मिळाले पाहिजेत? एखाद्या विषयात नापास झाल्यास ते बंद होते काय? उत्तर लेखी मागावे.

४. पैसा कोणाच्या हाती व केव्हा येतो?

१९३६ साली मुंबईतील नागपाडा येथे समाजकार्याची एक शाळा निघाली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक होत. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. ती १९५४ साली देवनारास आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी संप केला. सरकारी शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांस वसतिगृहाचे व भोजनाचे शुल्क माफ असावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या: शिकवणीची माफी म्हणजे राहण्याजेवण्याची माफी नव्हे; आणि सरकारी मंजुरी म्हणजे हाती आलेला पैसा नव्हे. राज्याच्या पुष्कळ शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, व रक्कम पुष्कळदा आधारशी जोडलेल्या बँक खात्यात उशिरा येते. तोवर फीसाठी थांबाल काय, हे महाविद्यालयास आधीच विचारावे.

५. आपण कोणत्या योजनेस पात्र आहो?

ह्याविषयी आपल्या मंडळ्यांत फार गैरसमज आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांस मिळत नाहीत. शिखांचा समावेश १९५६ साली व बौद्धांचा १९९० साली झाला. अनुसूचित जमातीस मात्र धर्माची अट नाही. आदिवासी ख्रिस्ती बंधूंनी हे विसरू नये. ख्रिस्ती लोक अल्पसंख्याक गणले जातात, म्हणून त्यांच्यासाठी असलेल्या योजनाही पाहाव्या. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा विचार करावा. २०२४-२५ पासून इतर मागास व आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींस, उत्पन्नाच्या त्याच मर्यादेत, मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. परंतु व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेस ती लागू नाही. खोटा दाखला मात्र कदापि काढू नये. तो उघडकीस आला म्हणजे पदवी व अब्रू दोन्ही जातात.

शेवटी एवढेच की, हिशेब करून जागा नाकारावी लागली, तर त्यात लाज नाही. जवळच्या जिल्ह्याच्या गावी शिकून ऋणमुक्त राहिलेला मुलगा मागे पडला असे होत नाही. आणि हिशेब जमत असेल, तर भिऊन मुलीची जागा सोडू नये.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात खरी देणगी किती, व चार वर्षांत घरून रोख किती जाईल?
२. साहाय्याच्या पत्रातील कोणत्या तीन गोष्टी लेखी विचाराव्या?
३. आपल्या गावातील कोणत्या मुलामुलींचे उत्पन्नाचे दाखले अद्याप काढावयाचे आहेत, व त्यांच्याबरोबर तालुक्यास कोण जाईल?