काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे

प्रश्न : रोज सकाळी ओल्या फडक्याने गाडी पुसतो, तरी उन्हात काळ्या रंगावर गोल गोल ओरखडे दिसतात. काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ओरखडे त्या पुसण्यानेच पडतात. धुळीतले वाळूचे कण फडक्याखाली रंगावरच्या पारदर्शक थरावर घासले जातात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुवा. गाडी सावलीत लावा, बॉनेट गार होऊ द्या आणि आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवा. बादल्या २ घ्या : एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच फेसात बुडवा. टपापासून खाली या; चाकांचं फडकं वेगळं ठेवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून पाणी वाळण्याआधीच मऊ टॉवेलने टिपून घ्या.