सायटेशनच्या आकड्यामागचं काम

परभणीत शिक्षणशास्त्र शिकवताना आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना एक प्रश्न वर्षानुवर्षं माझ्यापुढे येत राहिला : "सर, सायटेशन कसे वाढवायचे?" प्रश्न रास्त आहे. नोकरी, पदोन्नती, नॅकचा अहवाल, सगळीकडे आपल्या लेखाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, तो आकडा मागतात. पण त्याआधी आपलं काम दुसऱ्याला सापडेल, तपासता येईल आणि वापरता येईल, अशा अवस्थेत आपण ठेवलं आहे का, हे विचारायला हवं. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडून येणाऱ्या संशोधक शिक्षकांबरोबर काम करताना जे उमगलं ते इथे मांडतो.

१. संदर्भ मोजण्याआधी तो कशासाठी असतो, हे पाहावं.

सायटेशन इंडेक्स ही कल्पना मुळात वकिलांची. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' निघू लागलं. एखाद्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या निकालांनी घेतला आणि कोणी तो फिरवला, हे त्यात पाहता येई. त्यावरूनच युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये लेख लिहून विज्ञानासाठी अशी सूची सुचवली. एखादा निबंध वाचणाऱ्याला त्यावर पुढे कोणी आक्षेप घेतला, कोणी दुरुस्ती केली, हे कळावं आणि सदोष माहिती डोळे मिटून पुढे जाऊ नये, हा त्यांचा हेतू होता. माणसांना क्रमांक देण्याचं काम त्या सूचीकडे नंतर आलं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की, ज्या अभ्यासाचा आधार घ्यायचा तो कोणी कोणी उद्धृत केला आहे, ते आधी उघडून पाहा. गटपद्धतीने गणित चांगलं येतं, असा निष्कर्ष एखाद्याने काढला असेल, तर तोच प्रयोग दुसरीकडे कोणी केला का, तिथे काय झालं? ही सवय लागली की, प्रबंधातलं 'संबंधित साहित्याचा आढावा' हे प्रकरण नुसती नावांची माळ राहत नाही.

२. युनिकोडमध्ये लिहा.

मराठीतल्या शिक्षण-संशोधनाचं फार मोठं नुकसान फॉन्टने केलं आहे. आपल्याकडे प्रबंध डीटीपी सेंटरवर टाइप होतो आणि तिथे बरीच वर्षं कृतिदेव, श्रीलिपी यांचंच राज्य होतं. पानावर अक्षर सुबक दिसतं. पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हांची अर्थहीन रांग असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात जमा करण्याचा नियम केला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने 'शोधगंगा' उभी केली. देशभरातले प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले, ही केवढी मोठी गोष्ट आहे! तरीही 'जिंतूर तालुका वाचन कौशल्य' असं शोधलं, तर आतल्या पानांत हे सगळे शब्द असलेला प्रबंधदेखील समोर येत नाही. जुन्या फॉन्टमधली किंवा नुसती स्कॅन केलेली पानं शोधयंत्राला वाचता येत नाहीत. वर्षानुवर्षं खपून केलेलं काम सर्वांसमोर असूनही कोणाच्या हाती लागत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

उपाय खर्चाचा नाही. प्रबंध युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला प्रत्येक मराठी अक्षर ओळखता येतं अशा पद्धतीत, टाइप करून घ्यावा. शीर्षक आणि सारांश मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत द्यावेत. शीर्षकात किंवा सारांशात तालुका, इयत्ता, विषय आणि शाळेचा प्रकार स्पष्ट यावा. 'ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांचा चिकित्सक अभ्यास' या नावाखाली काय आहे, हे लेखकाखेरीज कोणाला कळणार? संगणक हाताशी नव्हते तेव्हा प्रबंध इतरांना सापडावेत यासाठीचं काम बडोद्याच्या एम. बी. बुच यांनी हाताने केलं. त्यांच्या संपादनाखाली १९७४ साली 'अ सर्व्हे ऑफ रिसर्च इन एज्युकेशन' निघाला. देशभरातल्या शिक्षणविषयक प्रबंधांची सारांशाने ओळख त्यात झाली. त्या खंडामुळे एका विद्यापीठातला प्रबंध दुसऱ्या टोकाच्या अभ्यासकापर्यंत पोहोचू शकला.

३. लेखकाचं नाव एकाच रीतीने लिहा.

आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं. एका लेखात आडनाव आधी, दुसऱ्यात नुसती आद्याक्षरं, लग्नानंतर तिसरंच नाव. मग एका बाईचं काम तीन बायकांच्या नावावर विखुरतं. ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक २०१२ पासून मोफत मिळतो. पहिला लेख पाठवण्याआधीच तो काढून ठेवावा.

४. नियतकालिक निवडताना घाई नको.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या लेखांना गुण जोडले आणि लेखांची मागणी एकदम वाढली. मागणी आली तसे पुरवठादारही आले. पैसे भरा, दोन दिवसांत छापून घ्या, वर भला मोठा 'इम्पॅक्ट फॅक्टर' मिळवा! आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी दिली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली आणि कोणत्याही मान्यवर सूचीत नसलेली १,००९ नियतकालिकं तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून वगळली. २०१९ मध्ये तिच्या जागी 'केअर' ही नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निर्णय संस्थांवर सोपवला.

याद्या येतात आणि जातात, निवड आपल्यालाच करावी लागते. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. मी दोन गोष्टी पाहतो. संपादकाने लेख कधी प्रश्न विचारून परत पाठवला आहे का? आणि ज्यांच्या कामाचा मला आदर आहे, त्यांच्या संदर्भसूचीत या नियतकालिकाचं नाव कधी दिसलं आहे का? मराठीत लिहायचं असेल, तर पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं 'शिक्षण आणि समाज' आहे. आधी त्याचे जुने अंक वाचून पाहावेत.

५. एच-इंडेक्स वाचायला शिका आणि तो योग्य जागी ठेवा.

जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने २००५ मध्ये हे माप सुचवलं : निदान जितके संदर्भ मिळालेले तितकेच लेख असतील, असा सर्वांत मोठा आकडा. समजा, तुमचे पाच लेख आहेत आणि त्यांना ९, ६, ४, २ आणि ० संदर्भ मिळाले आहेत. निदान तीन संदर्भ मिळालेले लेख तीन आहेत. निदान चार मिळालेले चार नाहीत. म्हणून तुमचा एच-इंडेक्स ३. पदार्थविज्ञानात लेखांची ये-जा वेगाने होते, तिथे ते माप जन्मलं. शाळेत केलेला अभ्यास दुसऱ्या शाळेपर्यंत पोहोचायलाच काही वर्षं जातात.

आपल्याच शहरातल्या कृषी विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १९७२ साली ते स्थापन झालं. तिथल्या संशोधनातून आलेलं रब्बी ज्वारीचं 'परभणी मोती' हे वाण शेतकरी पेरतो, तेव्हा तो कुठेही तळटीप देत नाही. त्या कामाचा परिणाम शिवारात दिसतो, तोही खराच. शिक्षणातही असंच घडतं. म्हणून मी संशोधकांना एक वही ठेवायला सांगतो : तुमची चाचणी कोणी मागितली, कोणत्या शाळेने वापरली, काय बदल सुचवला. मुलाखतीत आकड्याशेजारी ही वही ठेवता येते.

६. जे. पी. नाईक यांचं काम वाचावं.

आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेला हा माणूस कोठारी आयोगाचा (१९६४-६६) सदस्य-सचिव झाला. १९४८ मध्ये त्यांनी भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकत्र साधणं किती अवघड आहे, ते त्यांनी १९७५ च्या पुस्तकात त्रिकोणाच्या रूपाने मांडलं. युनेस्कोने जगभरातल्या शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रं काढली, त्यांत टागोर, गांधी, अरविंदांबरोबर नाईक आहेत.

त्यांचा एच-इंडेक्स काढत बसण्यात अर्थ नाही. आयोगाच्या अहवालावर लेखक म्हणून एकट्याचं नाव नसतं. समता-गुणवत्ता-संख्या हा त्रिकोण तर आता कितीतरी भाषणांत आणि निबंधांत नाईकांचं नाव न घेता येतो. कल्पना सर्वांची झाली की, तिचा मालक विसरला जातो. अशा वेळी मूळ पुस्तक गाठून पृष्ठक्रमांकासह नाव देणं, हे मी विद्यार्थ्याकडून आग्रहाने करून घेतो.

७. प्रश्न आपला असावा, पण साधनं सर्वांसाठी खुली असावीत.

इंग्रजी नियतकालिकात लेख यावा म्हणून परभणीचा संशोधक फिनलंडच्या शिक्षणावर लिहायला बसतो, हे मला पटत नाही. फिनलंडविषयी लिहिणारे तिथे आहेत. ऊसतोडीला आई-बापांबरोबर जाणाऱ्या मुलाचं मधलं सत्र, तांड्यावर गोरमाटी ही बंजारा बोली बोलत वाढलेल्या मुलीचा पहिलीतला मराठीशी सामना, हे प्रश्न पालम, सोनपेठ, गंगाखेडमध्ये समोर दिसतात. संशोधन कसं मोजावं याविषयीच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातही स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपावं, असं स्वतंत्र तत्त्व आहे.

मात्र प्रश्न स्थानिक असला, तरी साधन खुलं ठेवणं मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाकडून शिकावं. मुंबईत उभ्या राहिलेल्या 'प्रथम'ने २००५ मध्ये हे सर्वेक्षण सुरू केलं. अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट एवढंच त्याचं वाचनसाधन. ते कोणालाही उघडून पाहता येतं. त्याच धर्तीवर पाकिस्तानात आणि केनिया, टांझानिया, युगांडात सर्वेक्षणं झाली. साधन खुलं असल्याने काम दूरवर गेलं आणि त्याचे संदर्भही वाढले. आपल्या प्रबंधांत मात्र चाचणीची दोन नमुना वाक्यं देऊन बाकीची गाळलेली असतात. माझ्या एका विद्यार्थिनीने तांड्यावरच्या मुलांसाठी गोरमाटी-मराठी शब्दांची आख्खी यादी परिशिष्टात दिली. तिच्या लेखाला संदर्भ थोडे मिळाले. यादी मात्र शेजारच्या तालुक्यांतल्या गुरुजींनी झेरॉक्स काढून वर्गात नेली. पुढे एका संशोधकाने ती सुधारून वापरली आणि तिचं नाव दिलं.

८. आपल्याच लोकांचा संदर्भ द्या.

जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक कृतिसंशोधन करतात. अहवाल लिहितात, प्रशिक्षणात सादर करतात आणि तो कपाटात जातो. वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या माणसाचं ते निरीक्षण असतं, आणि आमचे प्रबंध परदेशी पुस्तकांची यादी देऊन त्याच्याकडे पाठ फिरवतात. अशा अहवालाचा संदर्भ देता येतो आणि द्यायला हवा. त्याची रीत मी अशी ठरवली आहे : शिक्षकाचं पूर्ण नाव, वर्ष, अहवालाचं शीर्षक, 'अप्रकाशित कृतिसंशोधन अहवाल' ही नोंद, शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा, प्रत कुठे पाहिली आणि पृष्ठक्रमांक. वापरण्याआधी शिक्षकाची परवानगी घ्यावी आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्या पानाची प्रत त्यांच्या शाळेत पोहोचवावी.